शार्पनेस शून्य

दुबईच्या कुसैस भागातल्या प्रत्येक मराठी घरात जुन्या केबलींची एक पिशवी असते. कुठली केबल कशाची ते कुणालाच ठाऊक नसतं, पण टाकवतही नाही. आमचे टीव्हीचे किस्से त्या पिशवीसारखेच. एक ओढला की चार गुंतून बाहेर येतात!

डीव्हीडी प्लेअर नवे होते तेव्हाची गोष्ट. मी इंजिनिअर होऊन पुण्याहून दादा-वहिनीकडे राहायला आलो होतो. माझं म्हणणं एवढंच, की चित्र खरं दिसलं पाहिजे. माणूस जसा आहे तसा! यात भांडण्यासारखं काय आहे? पण भांडणं व्हायची.

*

वरच्या मजल्यावरच्या जोशीकाकांनी मोठा टीव्ही घेतला आणि पडद्यावरची प्लास्टिकची फिल्म तशीच ठेवली. कुठलाही सिनेमा लावा, धुक्यातच घडायचा.

"काका, काढू का ही?"

"हात लावू नकोस! विकताना नवा दिसला पाहिजे. दोन वर्षांत इंडियाला परत जायचंय."

दादा सांगायचा, मी शाळेत होतो तेव्हापासून काका दोन वर्षांत परत जात होते!

*

आमच्या घरचा टीव्ही दुकानातल्याच सेटिंगवर चालायचा. रंग भडक, शार्पनेस टोकाला. शार्पनेस वाढवला की प्रत्येक नाकाला पांढरी कड येते, हे मी दादाला डीव्हीडी थांबवून थांबवून दाखवलं. शेवटी एका शुक्रवारची अख्खी दुपार घालवली. चांगली केबल लावली, रंग उतरवले, शार्पनेस शून्य. काय चित्र होतं! मग आठ वर्षांच्या पुतण्याला, ओजसला, बोलावलं.

त्याने नीट निरखून पाहिलं.

"काका, व्हेन विल यू फिक्स इट?"

*

दरम्यान वहिनीने माझ्या लग्नाचं मनावर घेतलं. पहिलं स्थळ दुबईतल्याच करामातलं. पोहे यायचे होते, टीव्हीचं चित्र थरथरत होतं. केबल सैल असणार! मला राहवेना.

मुलगी ट्रे घेऊन आली, तेव्हा सोफ्यावर फक्त दादा आणि वहिनी.

"मुलगा कुठाय?" तिच्या वडिलांनी विचारलं.

टीव्हीमागून माझे पाय दिसत होते.

दुसऱ्या दिवशी नकार आला. "टीव्ही मात्र झकास चाललाय," असा निरोपही होता!

*

दुसऱ्या घरी मी कशालाही हात लावला नाही. फक्त म्हणालो, "तुमच्या टीव्हीत सगळ्यांना कावीळ झाल्यासारखी वाटते."

मुलीच्या आईने टीव्ही बंद केला. चहा आलाच नाही.

*

तिसरं स्थळ शारजाचं. केतकी. तिथेच वाढलेली, तिथेच नोकरी. तिच्याशी मी फोनवर दोनदा बोललो होतो आणि ही हातची जाऊ नये, असं मला मनापासून वाटत होतं.

वहिनीने लिफ्टमध्येच गाठलं. "भाऊजी, आईंची शपथ घ्या. टीव्हीला हात लावायचा नाही, टीव्हीवर बोलायचं नाही. सासूबाईंना काय सांगू मी? टीव्हीपायी मुलगा बिनलग्नाचा राहिला म्हणून?"

घेतली शपथ!

आत गेलो, तर समोर भिंतभर रुंद टीव्ही आणि त्यावर थोरल्या मुलीच्या लग्नाची डीव्हीडी. चित्र आडवं ताणलेलं. नवरदेव पराठ्यासारखा पसरलेला, भटजी दरवाजाएवढे. "हा मी," केतकीचे वडील कौतुकाने म्हणाले. पडद्यावर त्यांची दोन माणसं झाली असती.

मी खिडकीकडे पाहिलं. छताकडे पाहिलं. वहिनीने माझा गुडघा घट्ट दाबून धरला होता.

केतकी पोहे घेऊन आली. ट्रे ठेवला. पडद्याकडे एकदा पाहिलं, रिमोट उचलला आणि एक बटण दाबलं. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या. भटजी बारीक झाले.

"अगं, परत?" वडील वैतागले. "पाहुण्यांसमोर तरी पट्ट्या नकोत!"

"बाबा, माणसं चपटी दिसतात."

शपथ होती. मी नुसता तिच्याकडे बघत राहिलो.

तिने रिमोट ठेवला नाही. माझ्याकडे वळून विचारलं, "शार्पनेसपण झिरो करू?"

वहिनीने माझा गुडघा सोडला आणि दादाच्या कानात म्हणाली, "खलास!"