नारिंगी जाकीट

नागपूरच्या विमानतळावर आबांनी मला गाडीजवळूनच निरोप दिला. दारापर्यंत आले नाहीत. दारात बंदूकवाले शिपाई उभे होते, आणि जन्मभर शाळेत मास्तरकी करूनही खाकी कपडा दिसला की आबांचा पाय आजही अडतो. त्यांनी माझी कॉलर सारखी केली, बॅगेची चेन ओढून बघितली आणि म्हणाले, "कोनी विचारलं तं मास्तरचा पोरगा म्हनून सांगजो. त्याच्या मांगं जाऊ नको."

त्याच्या मागे काय आहे, ते तुम्हा बेड्यावरच्या लोकांना सांगायला नको. पण हे आणखीही कुणी वाचेल, म्हणून लिहितो. आम्ही पारधी, बेडा म्हणजे आमची वस्ती. माझा आजा फासे टाकून तितर, लावे, ससे धरायचा. इंग्रजांनी अख्खी जात गुन्हेगार ठरवून ठेवली. इंग्रज गेले, पण गावात कोंबडी जरी हरवली तरी पोलिसांची जीप आधी आपल्याच बेड्यावर यायची, आणि ती दिसली की आपण सगळे ज्वारीत पळायचो. आठवतं ना? एकदा दोन तितरांपायी आज्याला नेलं, तो परत आला तो लंगडतच. त्याच दिवशी आबांनी फासे चुलीत घातले. त्यानंतर आमच्या घरात 'शिकार' हा शब्दच बंद झाला. मी काही विचारलं की उत्तर ठरलेलं: "अभ्यास कर."

केला बाप्पा अभ्यास. अमेरिकेत नोव्हायला आलो. गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर लिहितो. ग्रीन कार्ड झालं, ड्राइव्हवेतला बर्फ काढताना कंबर कशी सांभाळायची तेही शिकलो. इथं मराठी मंडळात नवीन माणूस भेटला की पहिला प्रश्न हवापाण्याचा, दुसरा आडनावाचा. "पवार? म्हणजे मूळचे कुठले?" मी म्हणतो, अमरावतीकडचे. समोरचा त्याला हवं ते समजतो, मी समजू देतो, आणि ताट घेऊन पुढे सरकतो. आबांचं ऐकत होतो म्हणा. पण खोटं कशाला बोलू, प्रत्येक वेळी घास जरा कोरडाच जायचा.

समीर तिथंच भेटला. इथं जन्मलेला, हॉस्पिटलात नर्स आहे. माझ्याहून लहान, म्हणून आईनं शिकवल्याप्रमाणे मला 'दादा' म्हणतो. त्याची आई म्हणजे आमच्या मावशी, केकमध्ये अंडं आहे का हे तीनदा विचारून मगच खाणाऱ्या. मावशी लांब गेल्याचं बघून तो कानाशी लागला, "दादा, सॅटर्डेला रॅबिट हंटिंगला येतोस? बट आईला सांगू नको हं. शी थिंक्स मी हायकिंगला जातो."

माझा चमचा हातातच राहिला. हो म्हणालो, आणि घरी येईपर्यंत मलाच कळेना की का म्हणालो.

नवख्याला जाणत्या माणसाबरोबर जाता येतं, त्यासाठी ॲप्रेंटिस लायसन्स मिळतं. ते ऑनलाइन काढलं. माझं नाव आणि शिकारीचा परवाना एकाच कागदावर! आपल्याकडं कायद्यानं शिकार बंद आहे, आणि जनावरं उरायची तर ते बरोबरच असेल. पण तो कागद मी आज्यासाठी म्हणून हातात धरून बसलो.

शनिवारी सकाळी समीरनं मला जाकीट दिलं. झगझगीत नारिंगी, डोळ्यांत घुसणारं. मी म्हटलं, "अरे, असं घालून गेलो तर ससा काय, गावसुद्धा पळून जाईल." तो हसला. "यार दादा, बाकीच्या हंटर्सना आपण दिसायलाच पाहिजे. इट्स द लॉ." माझा आजा मातीत मिसळेल असं धोतर नेसायचा. त्याचं सगळं कौशल्य न दिसण्यात होतं. इथं शिकाऱ्यानं लांबून दिसावं असा कायदा!

पाला झडून गेला होता. झुडपांच्या जाळीत समीरची बीगल कुत्री घुसली. तिचं नाव चकली. बंदूक जमिनीकडे कशी धरायची, बोट ट्रिगरबाहेर कसं ठेवायचं, हे समीरनं मला पुन्हापुन्हा करायला लावलं. मग म्हणाला, "चकली भुंकली की पळायचं नाही. ससा जिथून उठला, तिथंच स्टँड करायचं. तो मोठा राउंड मारतो आणि बॅक तिथंच येतो. ऑलवेज."

चकली भुंकली. आणि तेवढ्यात मागून गाडीचं दार वाजलं.

गणवेशातला माणूस आमच्याकडेच येत होता. कमरेला पिस्तूल. अहो, माझ्या हातात बंदूक, अंगावर नारिंगी रंग, पळायला ज्वारी नाही. ग्रीन कार्ड, परवाना, ब्रेकचं सॉफ्टवेअर, सगळं विसरलो. मी फक्त आज्याचा नातू उरलो. तो शिकारीचे परवाने तपासणारा अधिकारी निघाला; त्यानं लायसन्स मागितलं. मी कागद पुढे केला. त्यानं तो वाचला, परत दिला आणि विचारलं, "फर्स्ट टाइम?" मी मान हलवली. "गुड लक, सर," म्हणाला आणि निघून गेला.

'सर'! माझे डोळे भरून आले. समीर घाबरला. "दादा, आर यू ओके?"

मी सांगून टाकलं. पारधी, फासे, दोन तितर, आज्याचा पाय. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणाला तरी. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "सो यू आर नॉट अ बिगिनर, दादा. यू आर जस्ट लेट."

चकलीचं भुंकणं लांब गेलं होतं, ते वळून जवळ येऊ लागलं. मी उभा होतो तिथंच उभा राहिलो. ससा खरंच फिरून आला. मी बार काढला. तो पडला तेव्हा वाईट वाटलं, आणि आनंदही झाला. दोन्ही खरं आहे. समीरनं सोलायला शिकवलं, रश्श्याचं तिखट मात्र माझं होतं.

संध्याकाळी आबांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे उजाडत होतं. ज्याच्या मागे जाऊ नको म्हणाले होते, मी त्याच्याच मागे गेलो होतो. जाकीट अंगात तसंच ठेवलं आणि सगळं सांगितलं, गणवेशवाल्याचं 'सर'सुद्धा. वाटलं, संपलं, आता फोन ठेवतात.

मग ते अगदी हळू म्हणाले, "उठला होता तेथंच आला न?"

"हो आबा."

"येतेच तो." पुढे म्हणाले, "मंग तू कधी येतं?"

कितीतरी दिवाळ्या चुकवल्या होत्या. डिसेंबरात येतो, म्हणालो.

"ते जाकीट आनजो. बेड्यावर घालून हिंडजो."

इतकी वर्षं मला वाटायचं, घर म्हणजे जिथलं काही सांगायचं नाही ती जागा. आता तिकीट काढलंय. तेव्हा मंडळी, डिसेंबरात लांबून काही नारिंगी येताना दिसलं, तर पळू नका. मीच असेन.