स्मारकाच्या डब्यात ठेवलेलं माझं ओळखपत्र

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की हमखास थट्टा करणारा माणूस मी. इथले अनुभव वाचूनही कित्येकदा हसलोय. त्यामुळे हे लिहिताना लाज वाटतेय... पण खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त लाज वेगळ्याच गोष्टीची आहे. ती ओघात येईलच.

२००९ सालची गोष्ट. मंदीत दुबईतली बांधकामं ठप्प झाली आणि माझी नोकरी गेली. आम्ही शारजात, अल मजाजला राहायचो — मी, बायको मेधा आणि सातवीतली मुलगी इरा. मेधा एका शाळेत शिकवायची, त्यावर घर चालू होतं. इराला सांगितलं होतं की बाबा सुट्टीवर आहे.

सुट्टीवरच्या बाबाला तिने जिओकॅशिंगला जुंपलं. कोणीतरी कुठेतरी डबा लपवतो आणि जागेचे आकडे इंटरनेटवर देतो. आपण जीपीएस घेऊन तो शोधायचा. आतली एखादी वस्तू घेतली तर बदल्यात आपली ठेवायची. फुकटची करमणूक, मलाही बरी वाटली.

एका शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, आम्ही तिघं रास अल खैमाच्या पुढे, समुद्रकाठच्या एका लहान गावात पोचलो. गावाबाहेर छोटंसं चर्च, आणि त्याच्या आवारात युद्धात बुडालेल्या जहाजावरच्या माणसांचं स्मारक — एक उभा दगड, त्यावर नावं. जीपीएस त्या दगडाभोवतीच घुटमळत होता. मागच्या कोनाड्यात इराला पत्र्याचा डबा सापडला.

“बाबा, फाउंड इट!”

आत एक जपमाळ, बंद पडलेलं घड्याळ, पितळी बटण. इराने बटण उचललं. बदल्यात ठेवायला मात्र कोणीच काही आणलं नव्हतं. माझ्या पाकिटात ऑफिसचं फोटोवालं ओळखपत्र अजून होतं. का बाळगत होतो कोण जाणे! तेच काढलं.

“बट यू नीड दॅट, नो?” इरा म्हणाली.

“नवीन मिळणार आहे,” मी ठोकून दिलं.

मेधाने माझा हात धरला. “अहो, मेलेल्यांच्या दगडापाशी जिवंत माणसाचा फोटो ठेवतात का? काहीतरीच तुमचं.”

“तू बी.एस्सी. ना गं?” असं म्हणून मी झाकण लावून टाकलं.

मग सुरू झालं. शारजातल्या रोल्ला भागात माझा नेहमीचा चहावाला होता. तो माझ्यामागून आलेल्या सगळ्यांना चहा देत राहिला, मी “यल्ला भाई, एक इधर भी” म्हणत उभाच. लिफ्टचं दार तोंडावर मिटलं — आत शेजारी माझ्याकडे तोंड करून उभे होते, कोणी बटण दाबलं नाही. पुण्याहून आईचा फोन आला. मी घसा फोडून बोलतोय आणि ती म्हणतेय, “कोण आहे? बोला ना...” मेधाने फोन घेतला, तर लाइन स्वच्छ. घरात मेधाला आणि इराला मी दिसत होतो, म्हणून मनाची समजूत काढली. नोकरी गेलेल्याला कोण विचारतं? हे असंच असणार.

पुढच्या गुरुवारी इराला आणायला शाळेत गेलो. सकाळीच तसं ठरलं होतं. भर दुपारी गेटवर सगळ्या आया आणि ड्रायव्हर. बाप मी एकटाच, तोही चुरगळलेल्या टी-शर्टात. इरा मैत्रिणींबरोबर बाहेर आली. मी हाक मारली. तिने मान वळवली, थेट माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं... आणि माझ्या अगदी जवळून निघून गेली. तिच्या दप्तराचा पट्टा माझ्या हाताला घासला.

दुसरी हाक मारायचं धाडस झालं नाही. तसाच घरी निघून आलो.

संध्याकाळी इरा फुगून बसलेली. “यू सेड यू’ल कम. आय वेटेड सो लाँग, बाबा!” शेवटी मैत्रिणीच्या आईने सोडलं म्हणे. मग डबा सापडल्याची आणि बटण घेतल्याची जी नोंद तिने साइटवर केली होती, तिला उत्तर म्हणून आलेला ईमेल वाचून दाखवला. डबा लपवणाऱ्याने कळवलं होतं — तुम्ही माझा डबा उघडलाच नाही, तो फाटकाजवळच्या भिंतीत आहे. दगडामागच्या डब्यात मेलेल्यांच्या घरचे लोक त्यांच्या वस्तू आणून ठेवतात.

सकाळी उठून मीच गाडी काढली.

डबा तिथेच होता. माझ्या ओळखपत्राभोवती ती जपमाळ कोणीतरी नीट गुंडाळून ठेवली होती. ती सोडवून परत डब्यात ठेवली, ओळखपत्र खिशात घातलं. बटण परत ठेवलं, चपला काढून त्या दगडासमोर हात जोडले आणि चक्क मराठीत माफी मागितली. येताना पेट्रोलपंपावरचा माणूस आपणहून म्हणाला, “कैसे हो भाई?” मला रडूच फुटलं.

काही महिन्यांनी नोकरी मिळाली. चहावाला, लिफ्ट, फोन... त्यांची कारणं देता येतील. जपमाळही कोणी भाविकाने गुंडाळली असेल. गेटवर काय झालं, ते मात्र आजही सांगता येत नाही. म्हणजे एक कारण आहे — इराने मला पाहिलं होतं, आणि मैत्रिणींसमोर तो रिकामटेकडा बाप तिला नको होता. त्यापेक्षा भूत परवडलं! इतकी वर्षं मनातून मी माझ्या पोरीवर हा संशय घेत आलोय. तिला विचारायची हिंमत झाली नाही.

इरा आता नोकरी करते, दुबईत करामाला राहते. परवा जेवायला आली होती. वाढता वाढता एकदम थांबली.

“बाबा, दॅट डे अ‍ॅट स्कूल... यू नेव्हर टोल्ड मी. व्हाय डिडन्ट यू कम?”

“विसरलो गं,” मी म्हटलं.