वसरीवरचे पाव्हणे

बाहेरून आलेली टेप ताई कधीच लगेच मशीनवर चढवत नसत. मे महिन्याच्या उन्हातून पोस्टमन पार्सल घेऊन आला की त्या ते स्वतः उघडायच्या, आतलं ताटलीएवढं चाक मशीनच्या गार खोलीत एका रिकाम्या खुर्चीवर ठेवायच्या आणि दारात तगमगत उभ्या असलेल्या संशोधकाला सांगायच्या, "पाव्हना उन्हातून आला. जरा टेकू द्या त्याले. आल्या आल्या कामाले जुंपता का?" नवखा माणूस हसायचा. पण बाहेर तापलेली टेप गार खोलीत तशीच फिरवली की वाचताना चुका व्हायच्या, हे त्याला पुढे कळायचं. टेप रात्रभर खुर्चीवर बसायची आणि सकाळी ताई तिची विचारपूस करायला घ्यायच्या.

सत्तरीचं दशक संपत आलं होतं. मोठ्या शहरातल्या आमच्या संस्थेत एक संगणक होता आणि त्यावर युनिक्स नावाची, तेव्हा फार थोड्यांना ठाऊक असलेली प्रणाली चालायची. ताई त्या यंत्राच्या व्यवस्थापक. गणितात पदवी घेतलेल्या, आवाज खणखणीत, आणि आपल्याला किती येतं याबद्दल मनात तिळमात्र शंका नाही. गाव वऱ्हाडातलं किन्हीराजा. मी त्याच भागातल्या रिसोडचा, भूगर्भशास्त्राचा संशोधक. पहिल्या दिवशी मी त्यांच्यासमोर अगदी तोलूनमापून बोलू लागलो, तर म्हणाल्या, "रिसोडचा ना तू? मंग इतकं पुस्तकी काहून बोलून राह्यला?" परक्या शहरात वऱ्हाडी कानावर पडली आणि मला खरंच भरून आलं. त्या दिवसापासून मी त्यांचा 'रिसोडवाला' झालो.

यंत्रासोबत आलेल्या प्रोग्रामांवर सगळ्यांचं भागत नसे. जगभरच्या विद्यापीठांतले लोक आपापले प्रोग्राम लिहून टेपवर एकमेकांना पाठवायचे. आम्ही त्यांना पॅकेज म्हणायचो, ताई पाव्हणे म्हणायच्या. टेप चढली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "संग कोन कोन आलं?" कारण पॅकेज एकटं येत नाही. त्याला दुसऱ्या कुणाचा तरी प्रोग्राम लागतो, त्या दुसऱ्याला तिसऱ्याचा. "लग्नाले एकाले बोलावलं अन् तो अर्धं गाव घेऊन आला, तर तयारी नको का?" असं म्हणत त्या टेपवरची प्रत्येक फाईल उघडून बघायच्या. तोवर टेपच्या मालकानं कितीही नाक मुरडलं तरी चालायचं.

आणि मग वसरी. आपल्याकडे पाहुणा आधी ओसरीवर बसतो, पाणी पितो, चार गोष्टी होतात, मग आत जातो. ताईंनी डिस्कवर 'वसरी' नावाची एक वेगळी डिरेक्टरी केली होती. बाहेरचं प्रत्येक पॅकेज आधी तिथं उतरायचं आणि त्याचं सगळं सामान तिथंच त्याच्या गाठोड्यात राहायचं. यंत्राच्या मूळ प्रोग्रामांची जागा, म्हणजे ताईंच्या भाषेत चूल, तिथं कुणालाच हात लावू द्यायच्या नाहीत. एखादं पॅकेज नको झालं की गाठोड्यासकट निरोप. मागे काही विसरून राहत नसे. संस्थेच्या संगणक केंद्रात देशभरातली माणसं होती. त्यांच्या तोंडी वसरीची वासरी आणि ताईंची 'वासरी मॅडम' झाली आणि ताईंना ते नाव फार आवडायचं.

ताई केंद्रात यायच्या आधी ही शिस्त नव्हती. तेव्हा कुणीतरी एक पॅकेज थेट चुलीत नेऊन बसवलं होतं. त्यानं मूळ प्रोग्राम पुसला आणि पुढचे कितीतरी दिवस यंत्र नुसतं गुरगुरत बसलं. आमच्या साहेबांनी, म्हणजे केंद्रप्रमुखांनी, ती गोष्ट मनाला लावून घेतली होती, बाहेरचं पॅकेज म्हटलं की ते बिथरायचे. माझी टेप आली तेव्हा त्यांचा संयम संपला.

माझ्या टेपवर नकाशे काढणारं पॅकेज होतं. रिसोड आणि वाशीमजवळच्या मालेगाव भागातल्या विहिरींच्या पाण्याच्या पातळ्या मी दोन उन्हाळे सायकलवर फिरून, दोर सोडून मोजल्या होत्या. जमिनीखालचं पाणी कुठे उंच आहे, कुठे खोल, हे दाखवणारा नकाशा त्या पॅकेजाशिवाय होणार नव्हता आणि नकाशाशिवाय माझं काम म्हणजे नुसती आकड्यांची रास होती. साहेब म्हणाले, "हे शेवटचं. मी दौऱ्यावरून परत येईपर्यंत नीट बसलं तर ठीक. नाहीतर बाहेरचं सगळं बंद, आणि तुमची ती ओसरी पुसून टाका."

ताई सहसा साहेबांशी वाद घालत नसत. त्या दिवशी उभ्या राहिल्या. "साहेब, माह्या आज्याले गावात कोनी वसरीवर बसू देल्लं नाई. आमी बौद्ध झालो, शिकलो, मी इथं आली. पन दारातून परत जानं काय असते, हे आमच्या घरात सगळ्यायले मालूम हाये. या मशीनवर येनाऱ्याले मी तपासीन, वसरीवर बसवीन. दारातून परत नाई पाठवनार." साहेब बॅग उचलून निघून गेले. मला त्या क्षणी ताईंचा असा अभिमान वाटला की माझ्या नकाशाचा विसरच पडला.

पण पॅकेज काही बसेना. प्रोग्रामचे तुकडे एकत्र जोडणारा एक प्रोग्राम असतो, लोडर. तो दर वेळी तक्रार करायचा की अमुक तुकडा सापडत नाही, तमुक सापडत नाही. आणि ते तुकडे तर तिथंच, त्याच्या नाकासमोर, पॅकेजाच्या संग्रहात, म्हणजे सगळे तुकडे एकत्र बांधून ठेवलेल्या फाईलीत होते. ताईंनी टेप पुन्हा वाचली, मी फाईली पुन्हा तपासल्या. तक्रार तीच. अशात ताईंच्या धाकट्या बहिणीचं लग्न आलं. ताईंनी पॅकेजाच्या छापील कागदांचा गठ्ठा पिशवीत कोंबला आणि मलाही सोबत ओढलं. माझ्या वडिलांनी रिसोडहून आमच्या मळ्यातली पोतंभर वांगी लग्नघरी पाठवली.

किन्हीराजाला दुपारी बुद्धवंदना झाली, लग्न लागलं, पंगत बसली. माझ्या पत्रावळीवर पोळी आली, वांग्याची भाजी आली. ताईंचे मामा वरणाची बादली घेऊन "वरन, वरन" करत झपाझप पुढे गेले. कुणीच थांबवलं नाही. मागून भात आला, आणि सगळी पंगत कोरडा भात समोर घेऊन बसली.

"मामा, वरन कुठं गेलं?" ताईंनी हाक मारली.

"वाढून गेलो ना मी. कोनीच मांगलं नाई."

"पानावर भातच नव्हता, तर मांगतीन कायले?"

एवढं बोलून ताई थांबल्या. हातातला घास हातात राहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "रिसोडवाल्या, आपला लोडर असाच हाये. एकदाच फिरते. ज्यानं आधी मांगलं, त्याच्यासाठीच घेते. मांगनारा मागून आला, तर वाढपी निंघून गेला."

ज्या परदेशी यंत्रासाठी ते पॅकेज लिहिलं होतं, तिथला लोडर सगळ्यांचं समाधान होईपर्यंत फेऱ्या मारत असे. त्यामुळे त्यांनी संग्रहातले तुकडे कसेही रचले होते. आमचा एकाच फेरीत मोकळा. वेगवेगळ्या संग्रहांचा क्रम ताई नेहमी सांभाळायच्या, पण एकाच संग्रहाच्या पोटातही क्रम लागतो, हे तोवर त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

पंगत उठली तशी ताईंनी उरलेल्या पत्रावळी मागवल्या, पालथ्या केल्या आणि कोळशानं एकेकीवर एकेका तुकड्याचं नाव लिहिलं. मी कागद बघून कोण कुणाला काय मागतो ते वाचायचं, त्यांनी पत्रावळ सरकवायची. मागणारा आधी, देणारा मागून. अर्धा मांडव पत्रावळींनी भरला. ताईंच्या आत्याबाई वैतागल्या, "लेकीची पाठवनी व्हायची हाये अन् या पोरीनं खेळ मांडला." ताईंचे वडील, गावच्या शाळेतले निवृत्त मास्तर, वाऱ्यानं पत्रावळी उडू नयेत म्हणून त्यांच्यावर खडे ठेवत होते. त्यांनी विचारलं, "अन् सगळ्यात शेवटी कोन?"

"जो कोनालेच काही मांगत नाई, तो."

"म्हनजे न मांगनाऱ्या गरिबाले इथंबी शेवटीच बसवता का?"

"नाई बाबा. तो सगळ्यायले देते. म्हनून शेवटी बसते."

मास्तरांनी शेवटच्या पत्रावळीवर जरा मोठा खडा ठेवला. दोन तुकडे असे निघाले की दोघेही एकमेकांकडे मागत होते. कुणालाही आधी बसवलं तरी दुसरा उपाशी. ताईंनी फार विचार केला नाही. "याच्यासाठी वाढप्याले दोनदा फिरवू," म्हणाल्या, आणि बहिणीच्या पाठवणीला डोळे पुसायला गेल्या.

परत आल्यावर ताईंनी संग्रह त्या क्रमानं रचला आणि लोडरला एकाच संग्रहाचं नाव दोनदा दिलं. युनिक्सची रीत अशी की काम फत्ते झालं की यंत्र चकार शब्द बोलत नाही, तक्रार असली तरच तोंड उघडतं. आम्ही छापणाऱ्या टर्मिनलसमोर श्वास रोखून उभे होतो. कागद पुढे सरकला आणि कोरा थांबला.

"बोलला नाई," ताई म्हणाल्या. "म्हनजे पोट भरलं."

नकाशा छापखान्याच्या यंत्रासारखा धडधडत, फुल्या आणि ठिपक्यांच्या ओळींनी बाहेर आला. त्यात किन्हीराजा होतं, केनवड होतं, माझं रिसोड होतं, आणि दोर सोडून मोजलेली एकेक विहीर आपापल्या जागी बसलेली होती. मी नाचलो, अगदी खरोखर नाचलो. साहेब परतले, तेव्हा त्यांनी आधी मूळ प्रोग्राम एकेक करून चालवून पाहिले. चुलीला धक्का नव्हता. मग बराच वेळ नकाशा न्याहाळला आणि म्हणाले, "पुढची टेप कुठून मागवायची आहे?" ताईंनी मान खाली घालून हसू लपवलं, पण फारसं लपलं नाही. नकाशाची एक प्रत त्यांनी गावी नेली. मास्तरांनी ती शाळेच्या भिंतीवर लावली आणि गावातली माणसं आपापली विहीर शोधायला येऊ लागली.

पुढे माझी नोकरी दूरच्या शहरात लागली. ताई निवृत्त होऊन वाशीमला घर बांधून राहिल्या. पुष्कळ वर्षांनी एका अनोळखी संस्थेत कामासाठी गेलो होतो. तिथला दक्षिणेकडचा एक प्राध्यापक मला त्यांच्या संगणकावर काही दाखवत होता, आणि पडद्यावर रोमन लिपीत 'वसरी' उमटलं. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, "ठाऊक नाही. बाहेरचं प्रत्येक पॅकेज आधी तिथं उतरवायचं, अशी आमच्याकडे पूर्वीपासून पद्धत आहे. इथं वरिष्ठांनी लावून दिली, त्यांना त्यांच्या वरिष्ठांनी." मी ते नाव पुन्हा एकदा वाचलं.

बाहेर पडून आधी ताईंना फोन लावला. सगळं सांगितलं.

"नाव राहू दे रे," त्या म्हणाल्या. "दारातून कोनाले परत पाठवते का थे?"

"नाही ताई. सगळ्यांना बसवतात."

"मंग जमलं," ताई म्हणाल्या.