वाणाचे तांदूळ आणि मामींचं मशीन

वॉशिंग मशीन चालू आहे की बंद, हे मला मशीन न बघता कळतं. दोरीवरच्या कपड्यांकडे बघायचं. ड्रायरमधून निघालेले कपडे ओलसर असतात, पण ठिबकत नाहीत. त्या दिवशी वडिवळ्याला सासुरवाडीच्या पडवीत पाय ठेवला तर दोरीवरच्या लुगड्याखाली चक्क डबकं साचलेलं. मनात म्हटलं, ड्रायर गेला.

धंदाच तो माझा. लोणावळ्यात राहतो आणि मिक्सर, गीझर, वॉशिंग मशीन दुरुस्त करतो. तुंगार्लीतले बंगलेवाले पावसाळाभर कुलूप लावून जातात आणि परत आले की 'काहीच चालत नाही हो' म्हणून फोन करतात. दर वर्षी सांगतो त्यांना, आठवड्यातून एकदा कुणाला तरी येऊन सगळी यंत्रं दहा मिनिटं फिरवायला सांगा, आमच्या दमट हवेत बसून राहिलेलं यंत्र गंजतं. कोणी ऐकत नाही, म्हणून माझं बरं चाललंय.

आता असा जावई हाताशी असताना सासूबाईंनी मशीनसाठी कामशेतचा मेकॅनिक बोलवावा, हे माझं जुनं दुखणं. त्यांना मी मामी म्हणतो. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, पण त्यांच्या घरातला पंख्याचा रेग्युलेटरसुद्धा त्यांनी मला कधी उघडू दिला नव्हता. विषय काढला की 'झालं की, त्यो येऊन गेला' म्हणून मोकळ्या. सगळ्या लोणावळ्याचा माझ्यावर विश्वास, फक्त सासूचा नाही, हे मला फार लागायचं. बायकोला मी ते अनेकदा ऐकवलंही होतं, जरा चढ्याच आवाजात.

त्यात धोंड्याचा महिना. दर तीन वर्षांनी येणारा हा जास्तीचा महिना त्या वर्षी भर पावसात आला होता. या महिन्यात जावयाला पाटावर बसवून तेहतीस अनारशांचं वाण देतात, म्हणून आम्हा दोघांना बोलावलं होतं.

"मामी, ड्रायर बंद पडलाय का?"

"न्हाई तर. बरं हाय मशिन."

"मग लुगडं ठिबकतंय कसं?"

"आज हातानंच धुतलं. लय मळलं नव्हतं."

दोन वर्षांपूर्वी भातखाचराच्या बांधावरून घसरून मामींचं मनगट मोडलं होतं. तेव्हापासून पिळायला जोर येत नाही, म्हणून तर हे मशीन घेतलं. आता तेच मनगट टम्म सुजलेलं दिसत होतं आणि मी बघतोय म्हटल्यावर त्यांनी ते पदराखाली घेतलं. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. गाडीच्या डिकीतून स्क्रूड्रायव्हर काढला आणि तडक मोरीकडे निघालो.

मामी आडव्या आल्या. "मंगळवारी येतोय कामशेतचा. तुमी ऱ्हाऊ द्या."

"माझ्या हाताला काय कमी आहे, तेवढं तरी सांगा."

त्या नाइलाजाने बाजूला झाल्या. मी प्लग काढला, मशीन पुढे ओढलं आणि मागचा पाइप सोडवला. पाण्याबरोबर तांदूळ बाहेर आले. ओंजळभर तरी असतील, फुगलेले, आंबूस वासाचे. इतक्या वर्षांत मशीनमधून मी नाणी काढली, बटणं काढली, एकदा एका साहेबांची कवळी काढली. तांदूळ पहिल्यांदाच बघत होतो.

बायको हसायला लागली. मामींना सांगण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवून मग सावलीत सुकवावे लागतात. पण मावळात त्या दिवसांत काय सुकतंय? दोन दिवस पंख्याखाली पसरूनही ते ओलेच राहिले, वास यायला लागला. मग मामींनी डोकं चालवलं. लुगड्यातलं पाणी निघतं तर तांदळातलं का नाही निघणार? त्यांनी तांदूळ उशीच्या अभ्र्यात भरले, तोंड सुतळीने बांधलं आणि ड्रायर फिरवला. अभ्रा जुना होता, शिवण उसवली. निम्मे तांदूळ आत सांडले आणि ड्रायर घूं घूं करत जागच्या जागी बसला. याला आठ दिवस झाले होते. आठ दिवस मामी घरादाराचे कपडे त्या मनगटाने पिळत होत्या.

"मला फोन का नाही केला?" मी विचारलं. आवाज अजून चढलेलाच होता.

"तुमच्याच वाणाचं तांदूळ, आन् तुमालाच उपसाया बोलवू?"

मग पुढे म्हणाल्या, "साऱ्या जगाच्या मोऱ्यांत उकिडवं बसता तुमी. लेक सांगती मला, पाठ धरती तुमची. हितं आल्यावर तरी बसावं चार घटका. म्हणून न्हाई सांगत कंदी कुटलं काम."

कुणाच्याही घरी गेलो की चपला काढतानाच मला मोरीची वाट दाखवतात. त्यात त्यांचं काही चुकत नाही, मी त्यासाठीच गेलेला असतो. पण चौदा वर्षं एक बाई मला त्या वाटेला जाऊ देत नव्हती आणि मी त्याचाच राग धरून बसलो होतो. लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर फार बरंही वाटलं.

स्क्रूड्रायव्हर बायकोच्या हातात दिला, हात धुतले आणि पाटावर बसलो. तिथूनच तिला एकेक सांगत होतो, झाकण काढ, टब हलवून बघ, खालचे दाणे निघाले का. ती तिकडून 'कळतंय मला' म्हणत होती. मामींनी ओवाळलं, ताट पुढे ठेवलं. वरचे अनारसे उचलले तर खाली बत्तासे. निम्मे तांदूळ मशीननेच खाल्ल्यावर तेहतीस भरणार कुठून? मी पाहिलं हे मामींनी पाहिलं आणि त्या खाली बघायला लागल्या. मी त्यांच्यासमोर बत्तासाच आधी तोंडात टाकला.

तेवढ्यात मोरीतून ड्रायर सुरू झाल्याचा आवाज आला. आवाजात अजून थोडी घरघर होती. मी सवयीने उठायला लागलो.

"बसा," मामी म्हणाल्या.

मी बसलो.