काविळीचा दाखला

डॉक्टरांनी एक्स-रेची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि माझ्या वडिलांना, अण्णांना, टाळून मलाच सांगितलं, "डाव्या बाजूला वर कॅव्हिटी आहे, म्हणजे फुफ्फुसात पोकळी पडलीय. टीबी आहे. आता औषधं आहेत, घाबरायचं नाही. पण वर्षभर कॉलेज विसरा."

मी ज्युनिअर बीएस्सीला होते. महिनाभर संध्याकाळी अंगात कणकण असायची, खोकला होता, आणि प्रयोगशाळेत उभं राहिलं की पाय लटपटायचे. जागरणामुळे असेल, असं मी स्वतःला सांगत होते. त्या दिवशी सकाळी रुमालावर रक्त दिसलं तेव्हा कुठे मी अण्णांना म्हटलं, चला माझ्याबरोबर.

साठचं दशक संपत आलं होतं. आम्ही अंधेरीला दोन खोल्यांत राहायचो. घरी आल्यावर आईने आधी दार लावून घेतलं आणि मग विचारलं, "बाहेर कुणाला बोललात का?" माझ्या ताईचं, सुमनताईचं, लग्न जोगेश्वरीच्या पारुळेकरांकडे ठरलं होतं. साखरपुडा झाला होता. टीबी म्हणजे तेव्हा नाव घ्यायचा आजार नव्हता. ज्या घरात तो निघाला त्या घरातली मुलगी कुणी करून घेत नसे.

आईने ठरवलं, मला कावीळ झालीय. आमच्या ओळखीच्या एका डॉक्टरांकडून सहा आठवड्यांचा दाखला आणला आणि अण्णांनी तो कॉलेजात नेऊन दिला. शेजाऱ्यांना सांगितलं, नलू रत्नागिरीला मामाकडे हवापालटाला गेली. आणि मला मुलुंडच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी एका सॅनिटोरियममध्ये नेऊन ठेवलं.

हे मी लिहिते आहे ते ज्यांना शिकता शिकता असं आडवं व्हावं लागेल त्यांच्यासाठी. आजाराबद्दल डॉक्टर सांगतील. बाकीचं कुणी सांगत नाही.

सॅनिटोरियममधला दिवस पहाटे थर्मामीटरने सुरू व्हायचा. मग स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन, रोज, एकदा डाव्या बाजूला, एकदा उजव्या. त्याने कानात सतत घूं व्हायचं. पीएएस नावाची पुडी असायची, ती घेतली की जेवणाचा वास नको व्हायचा. स्पुटम, म्हणजे थुंकी, झाकणाच्या डबीत धरून तपासायला द्यायची. ईएसआर ही रक्ताची तपासणी, तांबड्या पेशी नळीत किती वेगाने खाली बसतात ते बघतात. आकडा कमी झाला की आत सुधारतंय. बाकी सगळा वेळ पडून राहायचं. बेड रेस्ट हे औषधच आहे, असं तिथले मोठे डॉक्टर म्हणायचे.

पडून राहण्याचं काही वाटलं नाही. जीव जायचा तो रविवारी, चार ते सहा, भेटीच्या वेळेला. वॉर्डातल्या प्रत्येक खाटेजवळ माणसं असायची. अण्णा पंधरा दिवसांतून एकदा यायचे, खाटेच्या पायथ्याशी उभे राहायचे, "बरी आहेस ना?" विचारायचे आणि घड्याळ बघायचे. आई येत नव्हती, कारण ती दर रविवारी जाते कुठे, असं शेजारी विचारतील. ताईला तर येऊच द्यायचं नव्हतं. माझी कॉलेजातली मैत्रीण मला पत्रं लिहायची, पण रत्नागिरीला. मामा ती दुसऱ्या पाकिटात घालून अण्णांच्या ऑफिसात पाठवायचे. कॉलेजातल्या गप्पा मला महिन्याने कळायच्या. "मामाकडे मासे झकास मिळत असतील ना?" असं तिने विचारलं होतं. मी ते वाचून पांघरूण डोक्यावर घेतलं.

शेजारच्या खाटेवर गोरेगावच्या गावठाणातल्या सिसिलियाबाई होत्या. त्यांच्याकडे रविवारी सगळं घरदार लोटायचं. तिसऱ्या रविवारी त्यांनी मला सरळ विचारलं, "तुझं कोन नाय काय गं?"

"आहेत ना. पण मी रत्नागिरीला आहे," मी म्हटलं.

त्या खूप हसल्या. मग हसायच्या थांबल्या आणि आपल्या मुलीला म्हणाल्या, "हिच्याजवळ पन बस जरा." ती बिचारी येऊन बसली.

चौथ्या महिन्यात अण्णा एक सरकारी लखोटा घेऊन आले. मी सरकारच्या कर्जाऊ शिष्यवृत्तीवर शिकत होते. दरवर्षी कॉलेजने हजेरी आणि प्रगती कळवली की पुढचे पैसे सुटायचे. काविळीचे सहा आठवडे केव्हाच उलटून गेले होते, मी परतले नव्हते, म्हणून कॉलेजने नियमाप्रमाणे माझं नाव कमी केलं होतं आणि तसं शिष्यवृत्तीच्या कचेरीला कळवलं होतं. पत्रात लिहिलं होतं की शिक्षण सोडलं असं धरून शिष्यवृत्ती बंद होईल आणि फेड सुरू होईल. मात्र खंड गंभीर आजारामुळे पडला असेल तर एक वर्षाची सवलत आहे. त्यासाठी रुग्णालयाचा दाखला हवा, आणि दोन्ही जामीनदारांच्या नव्या सह्या हव्यात. मुदत महिन्याची.

हे सगळं शिष्यवृत्तीच्या बाँडच्या, म्हणजे करारपत्राच्या, मागच्या बाजूला आधीपासून छापलेलं होतं. मी सही करताना फक्त पुढची बाजू वाचली होती. तुम्ही मागची वाचा. आणि कॉलेज थांबवायचंच असेल तर खऱ्या आजाराचा दाखला देऊन, आधी अर्ज करून थांबवा. थांबल्यावर अर्ज करायला गेलं की प्रत्येक कागद आधीच्या कागदाशी भांडतो.

माझे एक जामीनदार होते अण्णांचे मेहुणे. त्यांची सही मिळाली असती. दुसरे होते अण्णांच्या ऑफिसातले पारुळेकरकाका. म्हणजे ताईचे होणारे सासरे. त्यांची सही घ्यायची तर दाखला दाखवावा लागणार होता, आणि दाखल्यावर टीबी लिहिलेलं होतं.

"राहू दे ते शिक्षण," अण्णा म्हणाले. "फेडीचं मी बघेन. आधी सुमनचं होऊ दे."

मी मान डोलावली. अण्णा लखोटा तिथेच ठेवून गेल्यावर मी रडले. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. शाळेतल्या बाईंनी अण्णांच्या मागे लागून, फॉर्म आणून, मला पाठवलं होतं. शिष्यवृत्ती गेली की पुन्हा मिळणार नव्हती, आणि आमची ऐपत मला माहीत होती. मला रागही आला. मी मरतेय का जगतेय याची चोरी, आणि आता शिकायचीही चोरी? आठ दिवस तो राग उशाशी घेऊन झोपले. नवव्या दिवशी सिसिलियाबाईंच्या मुलीकडून अंतर्देशीय पत्र मागून घेतलं आणि पारुळेकरकाकांना सगळं खरं लिहिलं. कुठे आहे, काय झालंय, कशावर सही हवी. घरात कुणाला कळवलं नाही.

काका बुधवारी आले, ऑफिसमधून अर्धी रजा टाकून. नाकाला रुमाल न लावता माझ्या खाटेशेजारच्या स्टुलावर बसले. लखोट्यातला अर्ज आणि दाखला नीट वाचला, खिशातून पेन काढलं, सही केली आणि म्हणाले, दुसरी सही घेऊन मीच पाठवतो.

मी म्हटलं, "काका, ताईचं..."

त्यांनी पेनला टोपण लावलं. "नलू, आजार कुणालाही होतो. आधी सांगितलं असतं तर मी घरी भांडलो असतो गं. पण तुझ्या आईने आमच्या हिला देवासमोर बसून कावीळ सांगितलीय. आता मी कुठल्या तोंडाने भांडू?"

जामीन राहायचा शब्द दिला होता म्हणून त्यांनी माझ्या अर्जावर सही केली. आणि दहा दिवसांनी पारुळेकरांकडून लग्न मोडलं.

अण्णा पुढचे दोन महिने आले नाहीत. माझी सवलत मंजूर झाल्याचं पत्र मला पोस्टाने मिळालं. वॉर्डात मी ते सिसिलियाबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी कपाळावर, छातीवर क्रूसाची खूण केली आणि एक केळं हातावर ठेवलं. माझ्या आनंदात सामील झालेलं तेवढंच एक माणूस.

पुढे मी बीएस्सी पूर्ण केलं, शाळेत शिकवायला लागले, शिष्यवृत्ती फेडली. ताईचं दोन वर्षांनी घाटकोपरला लग्न झालं, आणि तेव्हा आईने मुलाकडच्यांना पहिल्याच भेटीत माझ्या आजाराचं नाव घेऊन सांगितलं. त्या डॉक्टरांचे, त्या नर्सबाईंचे, आणि सही करणाऱ्या त्या माणसाचे उपकार मी विसरलेले नाही. पण मला सॅनिटोरियममधला शेवटचा दिवस सांगायचा आहे.

सातव्या महिन्यात स्पुटम तीन वेळा निगेटिव्ह आलं, म्हणजे थुंकीत जंतू सापडले नाहीत. डॉक्टर म्हणाले, "घरी जा, गोळ्या सोडू नका." मला वाटलं, एकटीच बसने जावं लागणार. ट्रंक भरून व्हरांड्यात बसले होते, तर फाटकातून ताई आली. सात महिन्यांत पहिल्यांदा. वाळली होती. तिने ट्रंकेची एक कडी धरली, मी दुसरी, आणि आम्ही बसस्टॉपपर्यंत गेलो.

तिथे ती म्हणाली, "पत्र लिहिण्याआधी मला का नाही विचारलंस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणाले असते. दोन दिवस रडले असते. आणि मग मीच जाऊन काकांना सांगितलं असतं. लग्न माझं होतं ना? मग सांगायचं पण मीच होतं. तू मला हिशोबात धरलंच नाहीस."

सात महिने मी भिंतीकडे तोंड करून रडत होते की मला कुणी विचारत नाही. आणि जिचं सगळं पणाला लागलं होतं तिला विचारायचं माझ्या एकदाही मनात आलं नव्हतं. तरी मला न्यायला तीच आली होती.