ऑल्डरविक साहेबांचा कुलवृत्तांत

इंग्लंडच्या राणीला नसेल एवढी तिथल्या सरदारांची काळजी फेल्डहोवन या डच गावातल्या एका मराठी माणसाला होती, आणि तो माणूस माझ्या शेजारी राहत होता. दोन हजार पाचच्या सुमाराची गोष्ट. माझ्या ऑफिसातल्या मित्राचे हे वडील. कलेक्टर कचेरीच्या रेकॉर्ड रूममधून निवृत्त होऊन तीन महिन्यांच्या व्हिसावर मुलाकडे आले, ते बॅगेत स्वेटरपेक्षा कागदच जास्त घेऊन. जुन्या दप्तरांत आणि मग मुलाच्या इंटरनेटवर त्यांना ऑल्डरविक आडनावाचे बरेच साहेब सापडले होते. एक अर्ल, दोन बॅरन, एक न्यायाधीश आणि काकांच्याच तालुक्यात येऊन गेलेला एक असिस्टंट कलेक्टर. आडनाव एक म्हणजे घराणं एक, याबद्दल काकांना तिळमात्र शंका नव्हती. आपल्याकडे करतात तसा त्यांनी या साहेबांचा कुलवृत्तांत करायला घेतला. मूळ पुरुष, शाखा, लेकी कुठे दिल्या, सगळं टाकाच्या वळणदार अक्षरात. गोत्राचा रकाना तेवढा रिकामा होता आणि तो त्यांना फार टोचायचा.

फाइल काखोटीला मारून काका सायकलच्या रस्त्यावरूनच फिरायला जात. मागून घंटी वाजली की लोक ओळख दाखवताहेत असं समजून हसून नमस्कार करत. खेमेन्तेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, त्यांनी कारकुनाला विचारलं, तुझ्याच आडनावाचा दवाखाना पलीकडे आहे, तो डॉक्टर तुझा कोण? तो म्हणाला, कोणी नाही. बाहेर आल्यावर काका मला हळूच म्हणाले, "जमिनीचा वाद असणार." मला आजोबांच्या पलीकडचं नाव सांगता येईना, तेव्हा मात्र घरी नेऊन त्यांनी मला पोटभर थालीपीठ खाऊ घातलं.

काकांचा खरा जीव होता त्या असिस्टंट कलेक्टरात. त्याने दुष्काळात काकांच्या गावी विहीर बांधली आणि तिथेच पटकीने तो गेला. लग्न नाही, मूलबाळ नाही, कबर गावाबाहेर. त्याला घरच्यांच्या ओळीत बसवल्याशिवाय परत जायचं नाही, असं काकांनी ठरवलं होतं. त्यांनी अर्लला सविनय अर्ज धाडला. महिन्याभराने सेक्रेटरीचं तीन ओळींचं उत्तर आलं: सदर गृहस्थाचा आमच्या घराण्याशी संबंध नाही.

त्या दिवशी काकांनी चहासुद्धा घेतला नाही. "मोठे झाले की असंच करतात रे. गरीब नातलगाला दारात उभं करत नाहीत. तीन पिढ्या आम्ही त्याच्या विहिरीचं पाणी प्यालो. त्याला कोणी नाही म्हणजे काय?"

निघायच्या आदल्या दिवशी ते एक जाडजूड पुस्तक घेऊन आले. त्यांच्या स्वतःच्या घराण्याचा छापील कुलवृत्तांत. शेवटच्या कोऱ्या पानावर हाताने लिहिलं होतं: फेल्डहोवन शाखा. १. ऑल्डरविक साहेब (दत्तक). गोत्राच्या रकान्यात काकांनी बिनदिक्कत आपलं गोत्र दिलं होतं. मी हसत सुटलो, तेही हसले. "माझ्याकडे दुसरी प्रत आहे, ही तुला ठेव," म्हणाले.

पुढच्या वर्षी काका आले नाहीत, त्यांच्या जाण्याचा फोन आला. त्या संध्याकाळी मी ते पान पुन्हा उघडलं. घाईत मी तेव्हा खालची ओळ वाचलीच नव्हती. २. माझं नाव. पुढे: पत्नी, आणि बेताची मोकळी जागा.

लग्नानंतर ती जागा मी भरली. अक्षर त्यांच्यासारखं आलं नाही.