लीलाचा गळा झाकू नका

लीला गेल्याच्या बातमीसोबत कालपासून ग्रुपवर फिरणारा तिचा फोटो खोटा आहे.

गळा एडिट केलाय. तिच्या भाच्यानं. "बरं दिसावं म्हणून, मावशी," असं मला फोनवर म्हणाला.

खरा फोटो खाली देतेय. मागच्याच महिन्यात मी काढलेला. नीट बघा.

बेळगावच्या कॉन्व्हेंटमध्ये आम्ही दोघी एका बाकावर. नववीच्या क्लास फोटोच्या दिवशी सिस्टरनी तिला हळूच वरचं बटण लावून मागच्या रांगेत उभं राहायला सांगितलं.

लीलाला गलगंड होता. डोंगरातलं गाव, मिठात आयोडीन नाही. तिकडच्या कितीतरी मुलींचे गळे तसेच.

ती म्हणाली, "सिस्टर, बटण लागत नाही. आणि मागून मला कॅमेरा दिसत नाही."

जाऊन मधोमध बसली. मी शेजारी, भीतीनं डोळे मिटून.

पुढे ती इथं बंगळुरात, यशवंतपूरच्या एका शाळेत सायन्स टीचर झाली. दर जूनमध्ये मुलांना घरून चमचाभर मीठ आणायला लावायची. त्यावर मीठ तपासायच्या औषधाच्या बाटलीतला एक थेंब. मीठ निळं झालं, तर आयोडीन आहे.

एका वर्षी मंजुळाचं मीठ पांढरंच राहिलं. पोरीचा गळाही जरा सुजलेला.

दुसऱ्या दिवशी तिची आई भांडायला हजर. आम्ही सुटं खडेमीठच खातो, तेसुद्धा धुऊन घेते, आमच्या मिठाला नावं ठेवणाऱ्या तुम्ही कोण, असं बरंच काही कन्नडमध्ये.

लीलानं सगळं ऐकून घेतलं. मग त्या बाईचा हात धरून आपल्या गळ्यावर ठेवला.

"माझी आईपण प्रेमानं असलंच मीठ घालायची, अक्का."

बाईनं बोटांनी तो गळा चाचपला. "सरी", म्हणजे बरं, म्हणाली आणि गेली.

पुढच्या आठवड्यात मंजुळाच्या पुडीतलं मीठ निळं झालं.

आणि तो गळा तुम्ही पुसून टाकता?

नववीच्या फोटोत मी डोळे मिटले होते. आता नाही मिटणार.

शनिवारी सकाळी तिच्या शाळेत सगळे जमतोय. हार-फुलं नकोत. घरचं चमचाभर मीठ पुडीत आणा. मल्लेश्वरमच्या गुलाबी मीठवाल्या मैत्रिणींनो, तुम्हीसुद्धा; बघू, निळं होतं का.

लीला, तू नीघ आता. इथलं मी बघते.

थेंबांची बाटली नव्या सायन्स टीचरना.

खरा फोटो शाळेच्या लॅबला. फ्रेम करायला टाकलाय.

आणि गळा झाकायला म्हणून नातेवाइकांनी दर वाढदिवसाला दिलेले सिल्कचे स्कार्फ, सगळेच्या सगळे भाच्याला परत. एकाचीही घडी मोडलेली नाही.